निर्माल्याच्या पोत्यातली काच

आमची माउलीनगर कॉलनी हिंगोलीच्या अगदी कडेला आहे. दहा-अकरा वर्षांपूर्वी इथं हळदीचं रान होतं. आम्ही घराचा पाया खोदला तेव्हा मातीतून हळकुंडं निघाली होती. आता पाच गल्ल्या झाल्या आहेत, पलीकडं आणखी दोन ले-आउट पडलेत, आणि दरसाल दहा-बारा घरांची वास्तुशांत होते. घरं वाढली तसा कचराही वाढला. माहेरी आमच्या उकिरड्यात शेण, राख आणि भाजीची देठं, एवढंच असायचं. पावसाळ्याआधी ते सगळं शेतात जायचं. इथं दुधाच्या पिशव्या, लेकरांचे डायपर, घरपोच आलेल्या सामानाची खोकी, पाण्याच्या बाटल्या. ते कुठल्या शेतात नेणार?

घंटागाडी रोज सकाळी साडेसहा-पावणेसातला येते. गाडी मुन्ना चालवायचा आणि मागं रूपाबाई असायची. पन्नाशीची, तांड्यावरची बाई. अंगात नारिंगी जाकीट, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. ओला आणि सुका कचरा वेगळा दिल्याशिवाय ती डबा हातात घ्यायची नाही. सुरुवातीला सगळ्यांना तिचा राग यायचा.

"तुला काय करायचं गं? शेवटी तिकडं एकाच ढिगात टाकता ना सारं?" शेजारच्या चांगुणावहिनी तिला म्हणायच्या.

"मी टाकत न्हाई," रूपाबाई म्हणायची. "एका ढिगात टाकलं की आतून वाफ धरतं, वहिनी. हात घालून पाहा एकदा, चुलीवानी लागतं. मग ते पेटतं आपोआप, अन् धूर तुमच्याच घरात येतो."

हे बरोबर होतं. उन्हाळ्यात गावाच्या कचरा डेपोच्या बाजूनं वारा आला की कॉलनीत कुणी कपडे वाळत घालत नसे.

रूपाबाईची आणखी एक रीत होती. गाडीच्या मागच्या बाजूला ती एक धुतलेलं पांढरं पोतं बांधायची. त्यात फक्त निर्माल्य. ते कचऱ्यात मिसळायचं नाही, डेपोतल्या लिंबाखाली खड्ड्यात न्यायचं, असा तिचा तिनंच घेतलेला नेम होता. निर्माल्य घेताना ती दोन्ही हातांतले मोजे काढून कमरेला खोचायची. मोज्यांना साऱ्या गल्लीची घाण लागलेली, आणि फुलं देवाची. उघड्या हातानं ती फुलं पोत्यात सारायची, तळव्यानं दाबायची, मग पुन्हा मोजे घालून पुढच्या दारी जायची. एका सकाळीत किती वेळा काढ-घाल होत असेल, देव जाणे. तिच्यामुळंच कॉलनीतल्या बायका निर्माल्य घेऊन नाल्यावर जायच्या बंद झाल्या.

तीन वर्षं ती रोज माझ्या दारी यायची, पण आम्ही एकमेकींशी कधी बोललो नव्हतो. कारण माझं मौन. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या तोंडून जाऊबाईंना एक शब्द गेला. तो त्यांना फार लागला. तेव्हापासून मी नेम घेतला, की उठल्यापासून सूर्याला अर्घ्य देऊन पूजा उरकेपर्यंत बोलायचं नाही. पूजेला आठ वाजतात. त्यामुळं रूपाबाई आली की मी ओला डबा पुढं करायची, सुका पुढं करायची, मग निर्माल्याची कापडी पिशवी द्यायची आणि मान हलवायची. तीही मान हलवायची. मुन्नाला मात्र खाणाखुणा पाहून हसू यायचं.

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी देव पुसताना माझ्या हातून अन्नपूर्णेची तसबीर खाली पडली. चित्राला काही झालं नाही, काचेचे मात्र चार-पाच तुकडे झाले. सासूबाईंच्या वेळेची तसबीर. काचेवर रोजच्या कुंकवाचा थर बसलेला. मी तुकडे वेचले आणि हातात धरून बसून राहिले. कुठं टाकायचे? सुक्या कचऱ्यात टाकायचे म्हणजे चपला आणि डायपरच्या जोडीला. मन होईना. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्माल्याच्या पिशवीत तळाशी ठेवले. देवाची वस्तू देवाच्या फुलांबरोबर जाईल, असं वाटलं.

श्रावणात मी महादेवाला रोज एकशेआठ बेल वाहते; सोमवारी पहाटे आदल्या दिवशीचे काढून पिशवीत भरले. गाडी आली. रूपाबाईनं मोजे काढले, पिशवी घेतली, पोत्यात पालथी केली. माझ्या मनात आलं, सांगायला पाहिजे. पण मौन. खूण करावी तर काचेची खूण कशी करतात, हे सुचेना. कागदात गुंडाळलेली आहे, काही होणार नाही, असं मी मनाला सांगितलं. पिशवी परत घेतली, मान हलवली. गाडी पुढच्या गल्लीत गेली.

मंगळवारी गाडीमागं दुसरीच बाई होती. तिनं ओला, सुका, निर्माल्य, सगळं एकातच ओतलं. माझ्या बेलाच्या पानांवर कुणाच्या तरी घरची उष्टी आमटी पडली. मी बघत राहिले.

दहा वाजता चांगुणावहिनी कुंपणापाशी आल्या. "अहो, कळलं का? रूपाबाईचा हात कापला. निर्माल्यात काच होती म्हणे. दाबायला गेली अन् तळव्यात घुसली. मुन्ना सांगत होता, सहा टाके पडले. कोणत्या मेल्यानं टाकली असंल हो? फुलांत काच टाकायची म्हणजे माणूस म्हणावं का काय?"

मी दूर्वा निवडत होते. मी काही बोलले नाही. तेव्हा दहा वाजले होते, मौन केव्हाच सुटलं होतं.

बुधवारीही तसंच गेलं. नवीन बाई दोनच दिवस आली, गुरुवारपासून तीही येईना. मुन्ना एकटाच गाडी आणायचा, तीही दुपारी. बायकांनी निर्माल्य कॅरीबॅगमध्ये बांधून नाल्यात टाकायला सुरुवात केली. पुलाच्या पाइपात पिशव्या अडकल्या आणि पाणी रस्त्यावर आलं. चौदा नंबरचा मोकळा प्लॉट आहे, तिथं लोक कचरा टाकू लागले आणि संध्याकाळी पेटवू लागले. श्रावणातला ओला कचरा, तो कसा पेटणार? नुसता धुमसायचा. काळा, चिकट धूर खिडक्यांच्या जाळ्यांतून आत यायचा. चांगुणावहिनींचा नातू खोकून खोकून लालबुंद व्हायचा.

"धूर केवढा करून राहिले हे लोक," वहिनी म्हणाल्या. "रूपाबाई असती तर शिव्या देऊन विझवलं असतं एकेकाचं."

गुरुवारी दुपारी मी धीर करून मुन्नाला विचारलं, रूपाबाई कधी येणार म्हणून.

मुन्नानं मान खाली घातली. "त्या आता न्हाई येत, काकू. मुकादमानं नाव काढलं. तो म्हणतो, मोजे दिले होते, घातले काहून न्हाई? मोजे न घालता हात कापला तर जिम्मेदारी तिची. ठेकेदाराचा नियमच हाय तसा. हात बरा झाला तरी परत घेणार न्हाई."

"पण ती मोजे निर्माल्यापुरतेच काढायची."

"मला ठाऊक हाय, तुमाला ठाऊक हाय. मुकादम कुठं गल्लीत येतो पाहायला?"

रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. हे शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. घास हातात धरून त्यांनी ऐकून घेतलं.

"चार दिवस झाले," हे म्हणाले.

"हो."

"मग आज का सांगतेस?"

मी भाताचं भांडं उचलून आत नेलं. ताट पुसून घेतल्यावर हे म्हणाले, "उद्या आधी तिच्याकडं जाऊ."

शुक्रवारी दुपारी आम्ही स्कूटरवर तांड्यावर गेलो. पत्र्याचं नीटनेटकं घर, दारात शेणानं सारवलेलं अंगण, कडेला झेंडूची रोपं. सून दिपानं बाज टाकली. रूपाबाई आतून आली. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती आणि हात गळ्यात अडकवलेला.

"बसा माय," ती म्हणाली. "गुरुजी, बसा."

मी बसले नाही. "रूपाबाई, ती काच माझ्या घरची होती."

ती माझ्याकडं बघतच राहिली आणि मग एकदम हसली. "अगं माय! तुमचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं व्हतं लई मोठा असंल, दाबून ठिवता म्हून."

दिपाही पदर तोंडाला लावून हसली. मला हसू येईना.

"काच माझी होती," मी परत म्हणाले.

"ठाऊक हाय मला."

"कसं?"

"बेलाच्या पानांत व्हती न्हवं? तुमच्या गल्लीत एवढे बेल वाहनारं घर एकच हाय. अन् काचंवर कुंकू व्हतं. म्या तवाच ओळखलं, देवाची तसबीर फुटली म्हून."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुनाला सांगू? मुकादमाला? त्यानं ईचारलं, मोजे काहून काढले. म्या म्हनलं, देवाचं व्हतं, म्हून काढले. तो हसला. म्हनला, देव भरून देईल का तुझ्या हाताचं?" तिनं पट्टी जरा वर उचलली. "तकलीफ झाली तर झाली. पर दोन बोटं अजून वळत न्हाईत. डाक्टर म्हनला, वळतील. हजेरीवर नाव ऱ्हायलं असतं तर हलकं काम भेटलं असतं, कचरा निवडायचं. आता तेबी न्हाई. ह्या वयात कोन घेतंय मला?"

दिपानं चहा आणला. रूपाबाईनं डाव्या हातानं कप धरला.

"पर माय, राग यायचा व्हता तो आला," ती म्हणाली. "एक शबुद बोलायचा व्हता तुमी. 'काच' एवढंच. तुमचा नेम मला ठाऊक हाय. तुमच्या दारापुढं मी मुन्नाला भोंगाबी कमी करायला लावते, तुमची पूजा मोडू नये म्हून. पर माझा हात व्हता तो."

मी चहा खाली ठेवला.

संध्याकाळी हे मुकादमाला फोन लावत राहिले. तो नरसिंग म्हणून होता. चौथ्या वेळी त्यानं उचलला. म्हणाला, फोनवरच्या गोष्टीवर नाव चढत नाही. काच ज्यानं टाकली त्यानं यावं, कागद द्यावा. आपण फक्त हजेरीच्या वेळी घंटागाड्यांच्या पटांगणात असतो, पहाटे साडेपाच ते सहा. नंतर सहा वॉर्ड फिरतो, कुठं सापडणार नाही.

साडेपाच म्हणजे सूर्योदयाच्या आधी. अर्घ्य नाही, पूजा नाही.

"मी जातो," हे म्हणाले.

"टाकली मी."

"मग बोलणार कशी?"

"बोलायचं कशाला? लिहून नेते. कागदच मागितलाय ना त्यानं."

रात्री मी पत्र लिहिलं. तारीख, वार, तसबीर, काच, सगळं. अक्षर चांगलं काढलं. नेमही राहील आणि रूपाबाईचं कामही होईल, अशी मी वाट काढली होती. मनातून जरा बरंही वाटत होतं.

शनिवारी पाच वाजता उठले, अंघोळ केली, आणि हे मला स्कूटरवर पटांगणात घेऊन गेले. पत्र्याच्या शेडखाली दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. बायका रांगेत मोजे, झाडू घेत होत्या. टेबलामागं नरसिंग वही उघडून बसला होता. चाळिशीचा, झोप न झालेला माणूस. हे बाहेर गाडीपाशी थांबले. त्यांना मीच खुणेनं थांबवलं.

मी पत्र पुढं केलं. त्यानं वाचलं, पालथं केलं, परत वाचलं.

"तुमी लिहिलं?"

मी मान हलवली.

"काच कोणत्या वारी दिली?"

मी पत्रातल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ते दिसतंय मला. तुमी तोंडानं सांगा. बाईनं मोजे कुठं काढले? तुमच्या दारात, का आधीपासूनच नव्हते?"

हे मी लिहिलं नव्हतं. मी हातानं मोजे काढल्याची खूण केली, मग फुलं सारल्याची. रांगेतल्या बायका फिदी फिदी हसल्या. एक म्हणाली, "मुकी हाय बिचारी." दुसरी म्हणाली, "न्हाई गं, नाटकात काम करती वाटतं."

नरसिंगनं पत्र घडी करून टेबलाच्या कडेला सारलं. "हे पाहा बाई, चिठ्ठी कुणीबी आणतं. काल एकानं आपल्या बायकोसाठी आणली, परवा एकानं मेव्हणीसाठी. मला वर कागद द्यायचा तर मी चार गोष्टी ईचारणार, अन् तुमी उत्तर देणार. न्हाई तर ऱ्हाऊ द्या." आणि त्यानं पुढचं नाव पुकारलं.

पूर्वेला अजून राखाडीच होतं. दोन गाड्या चालू झाल्या आणि फाटकाकडं वळल्या. वहीचं पान भरत आलं होतं. मी तिथं उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढं रूपाबाईचा डाव्या हातातला कप होता.

"मोजे घातलेले होते," मी म्हणाले.

आवाज घोगरा निघाला. अकरा वर्षांत त्या वेळी माझ्या घशातून शब्द निघाला नव्हता. नरसिंगनं वर बघितलं.

"ओला कचरा घेताना होते, सुका घेताना होते," मी म्हणाले. "तीन वर्षं मी रोज पाहतेय. फक्त निर्माल्य घेताना काढते, आणि लगेच घालते. देवाच्या फुलांना घाणेरडा हात लागू नये म्हणून. फुलांत काच असेल असं कुणाला वाटेल? मला ठाऊक होतं. मी समोर उभी होते. मी सांगितलं नाही."

"काहून न्हाई सांगितलं?"

"माझं मौन होतं. सकाळी पूजा होईपर्यंत मी बोलत नाही."

"अन् आत्ता?"

"आत्ता बोलतेय."

बायकांचं हसणं थांबलं होतं. मघाशी मला मुकी म्हणालेली बाई रांग सोडून पुढं आली. तिनं मोजा काढून मनगट दाखवलं. "हे पाहा, ट्यूबलाईट. पेपरातबी गुंडाळली नव्हती." दुसरीनं अंगठा पुढं केला. "बांगड्या. हळदी-कुंकवाच्या दिवशीच्या." तिसरीनं सुई टोचल्याचं बोट दाखवलं आणि दवाखान्याच्या सुया किती वेळा येतात, ते सांगू लागली. बोलता बोलता सहा-सात हात माझ्यापुढं आले. मी एकेक पाहिला.

"बस करा, गाड्या सुटू द्या," नरसिंग ओरडला. मग मला म्हणाला, "हे जे बोलल्या ते लिहून द्या. घर नंबर, सही. अन् एक सांगतो, ह्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर जाईल. न्हाई तर लोक म्हणतील बाईचाच दोष. चालंल तुमाला?"

चांगुणावहिनींचा चेहरा डोळ्यांपुढं आला. त्या म्हणाल्या होत्या, माणूस म्हणावं का काय.

"चालेल," मी म्हणाले.

मी टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून लिहिलं. या वेळी अक्षर चांगलं आलं नाही. त्यानं वाचलं, शिक्का मारला आणि वहीत रूपाबाईचं नाव लिहिलं. पुढं कंसात लिहिलं, टाके निघाल्यावर निवडणीचं काम.

मुन्ना गाडी पुसत होता, तो सगळं ऐकत होता. त्यानं तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"रूपामावशी, नाव चढलं तुमचं."

"थट्टा करू नको रे सकाळी सकाळी."

"आईशप्पथ. आत्ता चढलं, माझ्यासमोर. कोपऱ्यावरच्या काकू आल्यात. मुकादमाशी बोलल्या."

तिकडं मागं कोंबडं ओरडलेलं ऐकू आलं.

"त्या बोलल्या? अजून उजाडलं बी न्हाई रे."

मुन्नानं फोन माझ्याकडं केला. "घ्या काकू, तुमीच सांगा."

मी फोन कानाला लावला.

"टाके कधी काढायचेत?" मी विचारलं.

"बुधवारी."

"किती वाजता?"

"नवाला बोलावलंय. पर गर्दी असती, सातलाच जाऊन नंबर लावावा लागतो."

"मी सातला येते," मी म्हणाले.